‘तेच तेच काय बघतेस?’

पत्र

नमस्कार. माझं वय ४६, राहायला डोंबिवलीत, नोकरी फोर्टात. मला ठरावीक सिनेमे आणि मालिका पुन्हा पुन्हा बघायला आवडतात. ‘जाने भी दो यारों’ शाळेत असताना दादाबरोबर दूरदर्शनवर पहिल्यांदा बघितला, त्यानंतर कितीदा बघितला याची मोजदाद नाही. ‘अंदाज अपना अपना’, ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’, ‘अशी ही बनवाबनवी’ यांचंही तेच. दादाला आणि मला अख्खे प्रसंग पाठ होते. एकाने सुरुवात केली की दुसरा पुढचं म्हणायचा. दादा आता नागपूरला असतो.

जाता-येता गाडीत मी विनोदी पॉडकास्ट ऐकते. त्यातला एक अमेरिकन आहे, ‘हाउ डिड धिस गेट मेड?’ नावाचा. वाईट सिनेमे बघून तिघं जण त्यावर गप्पा मारतात. चौथ्या सीटवर बसून मी एकटीच हसते, डब्यातल्या बायका बघत राहतात. घरी स्वयंपाक करतानाही कानात तेच. नवरा म्हणतो, ‘तेच तेच काय बघतेस? आणि कानात बोळे घातलेस की हाका मारून मारून घसा बसतो.’ माणूस वाईट नाही. पण गावी जाताना तो स्वतः गाडीत पुलंची ‘म्हैस’ लावतो, तेव्हा ते ‘तेच तेच’ नसतं.

गेल्या महिन्यात माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीला मुद्दाम बसवून ‘जाने भी दो यारों’ दाखवला. अर्ध्या तासात तिच्या हातात मोबाइल आला. त्यातल्या महाभारताच्या नाटकाच्या प्रसंगाला मी तिच्याकडेच बघत होते, चेहऱ्यावरची रेष हलली नाही. संपल्यावर म्हणाली, ‘आई, काय फालतू आहे हे! आणि शेवट असा का?’ मी चिडले. तुमच्या पिढीला विनोद कळतच नाही, असं काहीबाही बोलून गेले. ती खोलीत गेली, दार लावलं आणि तिच्या कुठल्याशा यूट्यूबवरच्या पोरांचं ऐकत हसत बसली. मला रडू आलं. या वयात सिनेमाचं एवढं मनाला लावून घेणं बरं का? आणि हे प्रेम लेकीला द्यायचं तरी कसं?

– ‘खबरदार’ची एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, नमस्कार.

पत्राखालची सही वाचली आणि पत्र लगेच उत्तरासाठी वर काढलं. ‘खबरदार’ म्हणजे ‘जाने भी दो यारों’मधलं नियतकालिक आणि त्याच्या संपादिका शोभा सेन म्हणजे आपल्या भक्ती बर्वे. रंगभूमीवर ‘ती फुलराणी’ गाजवलेल्या बाई इथे गोड बोलून सगळ्यांना गुंडाळणारी संपादिका करतात, आणि किती सहज करतात! हे नाव घेऊन सही करणारीला सिनेमा किती आतपर्यंत ठाऊक आहे ते वेगळं सांगायला नको.

पहिला प्रश्न वयाचा. त्याचं उत्तर सरळ आहे: मनाला लावून घ्या, काही बिघडत नाही. ज्या गोष्टीने इतकी वर्षं हसवलं, तिच्याबद्दल कोणी ‘फालतू’ म्हटलं तर लागणारच. पुन्हा पुन्हा बघण्याबद्दल म्हणाल, तर आपल्या मुलखात याची लाज वाटायचं कारणच नाही. ‘वन्स मोअर’ ही आरोळी ज्या थिएटरांत घुमली, त्या थिएटरांत आपले आजे-पणजे वाढले. १९१६ साली ‘संगीत स्वयंवर’ आलं. रुक्मिणीला शेवटी कृष्णच मिळणार हे प्रेक्षागृहातल्या कोणाला ठाऊक नव्हतं? तरी बालगंधर्वांच्या ‘नाथ हा माझा’साठी माणसं पुन्हा पुन्हा यायची आणि एकच पद परत म्हणायला लावायची. कीर्तनाला बसणारी म्हातारी गोष्ट पुढे काय होते हे कळावं म्हणून बसत नाही. आणि पुलंच्या कथाकथनाच्या कॅसेटी! कित्येक मराठी घरांत त्या झिजेपर्यंत वाजल्या. तुम्ही आज कानात जे ऐकता, त्याच जातीची ती करमणूक होती: एक माणूस बोलतोय, आपण ऐकतोय, पुढचं वाक्य ठाऊक आहे आणि तरी त्याच जागी हसू येतंय. तुमचा नवरा ‘म्हैस’ लावतो तेव्हा तुमच्याच पंगतीला बसलेला असतो. हे त्याला भांडून सांगू नका, पण स्वतःच्या मनात पक्कं असू द्या.

दुसरं असं की असे सिनेमे तुमच्यासारख्या माणसांनीच जगवले. ‘जाने भी दो यारों’ १९८३ साली आला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशातून, जेमतेम सात लाखांत झालेला सिनेमा. दिग्दर्शक कुंदन शाह पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेले, हा त्यांचा पहिलाच चित्रपट. पडद्यावर दिसतो तो कॅमेरासुद्धा नसीरुद्दीन शाह यांचा स्वतःचा. सहायकांची नावं पात्रांना देऊन टाकली, म्हणून नायकांची नावं विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा. त्यातले खरे विधू विनोद चोप्रा पुढे महाभारताच्या प्रसंगात दुःशासन होऊन उभे राहतात. अनुपम खेर यांनी डिस्को किलर नावाचं पात्र केलं होतं, ते संकलनात पुरतं कापलं गेलं. त्या वेळी सिनेमा काही गर्दी खेचणारा नव्हता. दूरदर्शनवर लागत राहिला, कॅसेटवर फिरला, आणि तुमच्या-दादासारख्या पोरांनी त्याला पाठ करून करून मोठा केला. ‘अंदाज अपना अपना’ १९९४ मध्ये पडला होता. तोच सिनेमा एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा थिएटरात लागला, तो कोणाच्या जोरावर? ‘साराभाई’ २००४ मध्ये स्टार वनवर सुरू झाली आणि २००६ मध्ये बंदही झाली, कारण तेव्हा बघणारे पुरेसे नव्हते. आज त्यातल्या सुनेचं, मोनिशाचं नाव घेतलं की लोक तिच्या सासूच्या, माया साराभाईच्या आवाजात ‘मिडल क्लास’ म्हणतात. तुमची ‘बनवाबनवी’ मात्र या यादीत थोडी वेगळी. ती १९८८ मध्ये आली तेव्हाच धो धो चालली, तिला कोणी वाचवावं लागलं नाही. तिच्यावरचं प्रेम सगळ्या महाराष्ट्राचं. ‘जाने भी दो यारों’वरचं प्रेम मात्र घरटी एक-दोघांचं असतं, म्हणून ते कोणाला तरी द्यावंसं फार वाटतं. तुमची तळमळ इथूनच येते असं मला वाटतं.

आता लेकीकडे येऊ. पत्रात मला सगळ्यात जास्त अडकवून ठेवलं ते तिच्या बोलण्यातल्या दुसऱ्या वाक्याने. तुम्ही ‘फालतू’ ऐकलंत आणि चिडलात. त्याला लागून तिने विचारलं होतं, ‘शेवट असा का?’

ताई, हा प्रश्न ज्याला पडतो त्याने सिनेमा पाहिलेला असतो. मोबाइल हातात असेल, महाभारताला हसू आलं नसेल, पण ती शेवटपर्यंत बसली आणि शेवट तिला टोचला. आठवून बघा तो शेवट. दोन सरळमार्गी फोटोग्राफर, हाती खुनाचा पुरावा असलेले. बिल्डर, अधिकारी, संपादिका सगळे एकमेकांशी जुळवून घेतात आणि पूल कोसळल्याचं खापर या दोघांच्या डोक्यावर फुटतं. कैद्यांच्या कपड्यांत ते मुंबईच्या रस्त्यावर येतात, आपल्याकडे बघून गळा कापल्याची खूण करतात आणि मागे गाणं वाजतं ‘हम होंगे कामयाब’. आशेचं गाणं, आणि समोर हे. तुम्ही हा शेवट इतक्या वेळा पाहिलाय की तो तुमच्या अंगवळणी पडलाय. महाभारताचा प्रसंग संपला की तुमच्यासाठी सिनेमा संपत असणार, पुढची मिनिटं नुसती जातात. तिने ती पहिल्यांदा पाहिली, कोऱ्या मनाने. तिला वाटलं असणार, हा जर हसायचा सिनेमा आहे तर ही दोघं सुटली का नाहीत? कुंदन शाहांना प्रेक्षकाच्या मनात हाच प्रश्न हवा होता, असं मी तरी मानते. तुम्ही हसू मोजत होतात, म्हणून हा प्रश्न तुमच्या हातून निसटला.

त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही अजून देऊ शकता. एक महिना झाला, फार उशीर नाही. जेवताना, रिक्षात, कुठेही: ‘तू त्या दिवशी विचारलंस ना, शेवट असा का, ते माझ्या डोक्यात राहिलं.’ मग तुम्हाला काय वाटतं ते सांगा, आणि तिला काय वाटतं ते ऐका. ती म्हणेल, मला तो शेवट अजिबात आवडला नाही. म्हणू द्या. ‘कळेल तुला मोठी झाल्यावर’ हे तेवढं म्हणू नका. पंधराव्या वर्षी पूल पडणं, चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, हे सगळं तिला बातम्यांतून चांगलं माहीत आहे. विनोदावर तुमची तार जुळली नाही तरी अन्यायावर जुळेल.

आणि त्याआधी एक वाक्य परत घ्यायचं आहे. ‘तुमच्या पिढीला विनोद कळत नाही’ हे. हे लागणारं वाक्य आहे, आणि खोटंही आहे. त्याच रात्री ती दार लावून हसत होती. ज्या पोरीला विनोद कळत नाही ती एकटी खोलीत हसत नाही. ‘तसं बोलायला नको होतं मी’ एवढं पुरे. त्याला ‘पण तूही फालतू म्हणालीस’ हे शेपूट जोडू नका.

आता तिला हसू का आलं नाही, याचाही शांतपणे विचार करू. एक तर तुम्ही तिला ‘मुद्दाम बसवून’ दाखवलात. शब्द तुमचाच. विनोदाला बसवून घेतलं की तो आक्रसतो. शिवाय तुम्ही पडदा सोडून तिचा चेहरा बघत होतात. समोरचा माणूस आपल्या हसण्याची वाट बघतोय हे कळलं की हसू येतच नाही, आलं तरी खोटं येतं. हे तुम्हा-आम्हा सगळ्यांचं होतं. आवडती वस्तू दुसऱ्याला दाखवताना आपण वस्तू विसरून त्याच्या तोंडाकडे बघत बसतो, आणि मग तो बिचारा परीक्षेला बसल्यासारखा होतो.

शिवाय सिनेमाही सोपा नाही. त्यातला अर्धा विनोद १९८३ च्या मुंबईवर उभा आहे: सिमेंटची चोरी, महापालिका आयुक्त, बिल्डरांची चढाओढ. फोटो मोठा मोठा करत खून शोधायचा हे फिल्मच्या रिळाच्या काळातलं. तिने मोबाइलवर दोन बोटांनी चित्र ताणलंय, अंधाऱ्या खोलीत फोटो धुतला जाताना तिने पाहिला असण्याची शक्यता कमीच. त्या बागेचं नाव अंतोनियोनी पार्क का, हेही आपल्याला कोणीतरी सांगितलं म्हणून कळलं, की त्या इटालियन दिग्दर्शकाने अशाच फोटोची गोष्ट आधी सांगितली होती. महाभारताचं तर विचारूच नका. त्यातला अर्धा विनोद जुन्या नाटक कंपन्यांच्या अभिनयाच्या थाटाची नक्कल आहे, आणि मग द्रौपदीचं वस्त्रहरण चालू असताना मध्येच अकबर-सलीम येतात. ज्याने हा थाट पाहिलाय त्याला आंधळा धृतराष्ट्र दर थोड्या वेळाने ‘ये क्या हो रहा है’ विचारतो तेव्हा खुर्चीतून पडायला होतं. ज्याने पाहिला नाही, त्याची अवस्था खरोखर त्या धृतराष्ट्रासारखीच होते.

त्यात पहिल्या खेपेला त्या प्रसंगात काय काय चाललंय हे दिसतच नाही. ओरडणारी माणसं दिसतात. सतीश शाह दिसायला दोन-तीनदा बघावं लागतं. मध्यंतराच्या आसपास त्यांचा महापालिका आयुक्त डिमेलो मरतो आणि पुढे निव्वळ प्रेत म्हणून ते सगळ्यांना खाऊन टाकतात. दारू प्यायलेला बिल्डर अहुजा रस्त्यात त्यांच्या शवपेटीला बंद पडलेली गाडी समजून टो करायला निघतो, तेव्हा पहिल्यांदा आपण ओम पुरींकडे बघतो आणि नंतर कधीतरी सतीश शाहांच्या त्या थिजलेल्या, किंचित खूश चेहऱ्याकडे. महाभारताच्या नाटकात तर हे प्रेतच द्रौपदीचा पदर डोक्यावर घेऊन उभं केलेलं असतं, इकडून तिकडे ओढलं जातं, आणि चेहरा तसाच. काहीच न करता एवढं हसवणं याला केवढा ताबा लागतो! हे तुम्हाला दिसतं कारण तुम्ही पुन्हा पुन्हा गेलात. लेकीला पहिल्याच बैठकीत ते दिसावं ही मागणी जास्त आहे. तुम्हालाही पहिल्यांदा दूरदर्शनवर बघताना ते दिसलं होतं का, की शेजारी दादा हसत होता म्हणून हसू आलं होतं?

मुद्दा हाच आहे, ताई. अशा सिनेमांचं वेड एका बैठकीत, एका माणसाने दुसऱ्याला देता येत नाही. ते अंगात मुरतं सोबतीने आणि वारंवार. न्यूयॉर्कमधली एक गोष्ट सांगते. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ १९७५ मध्ये आला आणि आपटला. १९७६ पासून तिथल्या वेव्हर्ली थिएटरात तो मध्यरात्री दाखवायला लागले. तेच ते लोक येऊ लागले, पडद्यावरच्या माणसांना उलट उत्तरं देऊ लागले, पात्रांसारखे कपडे घालून येऊ लागले. सुरुवातीच्या लग्नाच्या प्रसंगात आजही प्रेक्षक तांदूळ उधळतात, अगदी आपल्या अक्षतांसारखे. नव्याने आलेल्याला कोणी कथा समजावत नाही. त्याच्या हातात तांदळाची पुडी देतात. उधळायला मजा आली तर तो पुन्हा येतो. लेकीला तुम्ही सिनेमा दिलात, पण त्या वेळी तुमच्या घरी तांदूळ उधळणारं कोणीच नव्हतं. एक परीक्षक आणि एक परीक्षार्थी, एवढंच.

म्हणून तो सिनेमा तिला पुन्हा लावू नका. ‘निदान महाभारताचा तुकडा तरी बघ’ हेही नको. तिने ‘शांत गदाधारी भीम’चं मीम कधी ना कधी पाहिलेलं असणारच, त्यामागचा सिनेमा तोच हे तिचं तिला कळेल, तेव्हा तिचं ती विचारेल. त्याऐवजी तिचं काय आहे ते बघा. ती यूट्यूबवरची पोरं कोण, हे तुम्ही पत्रात ‘कुठल्याशा’ म्हणून उडवून लावलंय. तिला सांगा, ‘तुला सगळ्यात आवडतो तो एक भाग मला दाखव.’ आणि बघताना दोन पथ्यं पाळा. ‘यात हसण्यासारखं काय आहे?’ असं विचारायचं नाही. आणि ‘आमच्या वेळी’ हे शब्द काढायचे नाहीत. तुम्हाला हसू आलं नाही तर नाही आलं, सरळ सांगा. तुमच्या कानांना ते भरभर आणि अर्धवट वाटेल, आधीच्या दहा भागांचे संदर्भ त्यात असतील. ते तुम्हाला नाही कळले तर तिला समजावू द्या. समजावून सांगण्यात जो आनंद असतो तो तुमच्याइतका कोणाला ठाऊक असणार?

ती ‘नको’ म्हणाली तर तेही ऐका. पंधराव्या वर्षी आपलं हसू आपल्यापुरतं ठेवावंसं वाटतं. त्यात आईविरुद्ध काही नसतं. पण एक गोष्ट दिसते का बघा: एकाच घरात एक बाई स्वयंपाकघरात कानात काहीतरी घालून एकटी हसते, आणि एक मुलगी तिच्या खोलीत तेच करते. तुम्हाला वाटतंय हे प्रेम तिच्याकडे गेलंच नाही. मला वाटतं ते पुरतं गेलंय, फक्त तिचा सिनेमा वेगळा आहे.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही त्याबद्दल. तुमच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात दादा तीन वेळा येतो आणि मग ‘दादा आता नागपूरला असतो’ या वाक्यावर तो विषय थांबतो. एकाने सुरू केलं की दुसरा पुढचं म्हणायचा, हे सांगताना तुमचं पत्र जसं फुलतं तसं पुढे कुठेच फुलत नाही. लेकीने हसावं असं तुम्हाला वाटत होतं हे खरंच, पण पुढचं वाक्य म्हणणारं माणूस तुम्ही तिच्यात शोधत होतात का? तसं असेल तर ते ओझं तिच्या वयाला फार आहे. आणि ती जागा रिकामी कुठे आहे? तिथला माणूस नागपुरात आहे, त्याच्याकडे फोन आहे.

मोठेपणी भावाबहिणींचं बोलणं भाऊबीज, आजारपणं आणि जमिनीचे कागद एवढ्यावर येतं. तुमचंही आलं असेल तर त्यात कोणाचा दोष नाही, पण ते तसंच राहायला हवं असंही नाही. ‘कसा आहेस’ असा फोन केलात तर ‘बरा आहे’ एवढं उत्तर येईल. त्यापेक्षा कारण नसताना फक्त एक संवाद लिहून पाठवा, अलीकडे-पलीकडे काही न लिहिता. मग एखाद्या रविवारी दुपारी तुम्ही डोंबिवलीत आणि त्याने नागपुरात एकाच वेळी सिनेमा सुरू करा, फोन स्पीकरवर ठेवून. मध्ये कोणाचं दूध उतू जाईल, कोणाकडे पाहुणा येईल, चालू द्या. बाहेरच्या खोलीत बसा, दार उघडं ठेवा, आवाज मोठा असू द्या. लेकीला बोलावू नका. पण आपली आई मामाशी भांडत, ओरडत, संवाद म्हणत पोट धरून हसते हे तिला ऐकू येऊ द्या. आजवर तिने आईला या सिनेमाबद्दल कळकळीने बोलताना पाहिलंय, त्यात रंगलेली बहुधा पाहिलेली नाही. त्या दोन्हींत फरक आहे.

राहिला नवरा. ‘तेच तेच’बद्दल मी तुमच्या बाजूने आहे. ‘बोळ्यां’बद्दल मी त्याच्या बाजूने आहे, आणि हे जरा नेटाने सांगते. गाडीतला तास-दीड तास सर्वस्वी तुमचा. फोर्टापासून डोंबिवलीपर्यंत चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर ठेवून बसलेल्या बाईने कानात काय घालावं आणि कशाला हसावं, हे कोणीही सांगायचं कारण नाही. बायका बघतात तर बघू द्या. एखादीने ‘काय ऐकताय हो?’ विचारलं तर एक इअरफोन तिला द्या, डब्यात अशाच मैत्रिणी होतात. पण घरी आल्यावर दिवसभरात माणसं भेटायची वेळ तेवढीच असते. दोन्ही कान बंद करून तुम्ही हसत असता तेव्हा बाहेरच्याला फक्त एवढं दिसतं की हिचं काहीतरी छान चाललंय आणि त्यात मी नाही. त्याची ‘म्हैस’ आणि तुमचा पॉडकास्ट यांत एवढाच फरक आहे: ‘म्हैस’ गाडीच्या स्पीकरवर वाजते, सगळ्यांच्या कानांवर पडते, नको असलेल्याच्याही. तो ‘तेच तेच’ म्हणून चिडतो त्यात अर्धा राग या बंद कानांचा असावा.

स्वयंपाकघरात छोटा स्पीकर ठेवा, किंवा निदान एक कान मोकळा. इंग्रजी पॉडकास्ट त्याला ऐकायचा नसेल, पटापटा बोलणाऱ्या अमेरिकनांचं सगळं कळणारही नाही, तर त्याला ऐकवायच्या भानगडीत पडू नका. जेवताना गोष्ट सांगा. भयंकर वाईट सिनेमाची गोष्ट मराठीत सांगायला जी मजा येते ती चांगल्या सिनेमाची सांगताना येत नाही. उदाहरणार्थ टेक्सासमधल्या एल पासो गावात एका खतविक्याने पैजेखातर काढलेला भुताटकीचा सिनेमा, १९६६ मधला ‘मॅनोस: द हँड्स ऑफ फेट’. तो इतका वाईट की पुढे एका टीव्ही कार्यक्रमाने, ‘मिस्ट्री सायन्स थिएटर ३०००’ने, तो शेरेबाजी करत दाखवला आणि अख्खा देश त्यावर हसला. हे ऐकल्यावर ‘खतवाला? पुढे काय झालं मग?’ असं न विचारणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

तुमच्या त्या पॉडकास्टमधल्या तिघांतले पॉल शीअर आणि जून डायान राफेल नवरा-बायको आहेत, हे तुम्हाला माहीतच असेल. मला त्या कार्यक्रमात सगळ्यात आवडतं ते शेवटी येतं. तासभर एखाद्या सिनेमाची साल काढून झाली की ते त्याच सिनेमाला पाच तारे देणाऱ्या लोकांची मतं वाचून दाखवतात. कुठेतरी कोणीतरी तो सिनेमा जिवापाड आवडून घेतलेला असतो आणि त्याचं म्हणणंही ऐकलं जातं. तसं आपल्या ताटावर चालू द्या. तुमचं बोलणं झालं की नवऱ्याला त्याचं बोलू द्या, लेकीला तिचं. एखाद्या दिवशी ती आपण होऊन एखादा व्हिडिओ लावेल, नवरा ‘हे काय?’ म्हणेल, आणि तुम्हाला तिची बाजू घ्यायची संधी मिळेल. ती सोडू नका.